कापलेलं कुठे ठेवलंस?

“...म्हणजे चांगलं करायला गेलो तरी चुकलंच, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

भंतेजी काहीच म्हणाले नव्हते. ते विहाराचं अंगण झाडत होते.

शीलवंतने बाइक लावली तेव्हापासून एकटा तोच बोलत होता. प्रश्न त्याचा, उत्तर त्याचं, आणि त्या उत्तराचा राग आला तोही त्यालाच.

शीलवंत रामटेके. लहानपणी दर रविवारी याच विहारात धम्मवर्गाला यायचा. आता शहरातल्या एका शिक्षण संस्थेचा जनसंपर्क अधिकारी. संस्थेच्या सगळ्या शाळांचं फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि पालकांचे झाडून सगळे व्हॉट्सॲप ग्रुप त्याच्या खिशात असतात. वरच्या खिशात. त्यामुळे त्याची छाती दर मिनिटाला थरथरते.

“बस,” भंतेजी म्हणाले.

तो ओसरीच्या फरशीवर बसला.

“चहा घेशील?”

“वेळ नाही, भंतेजी.”

भंतेजींनी चहा ठेवला. दुपारी बारानंतर ते काही खात नाहीत. चहाबद्दल त्यांचं म्हणणं असं की, नियम झाले तेव्हा चहा नव्हता.

“आधी हे बघा. मग मला बोला,” शीलवंतने फोन पुढे केला.

फोनमध्ये एक मुलगी उभी होती. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, समोर माईक. मागे बासरी वाजत होती. मुलगी एका दमात बोलली. शेवटचं वाक्य होतं, “मला माझी शाळा आवडते, कारण इथे मला बोलता येतं.” मग टाळ्या, मग शाळेचं बोधचिन्ह, मग प्रवेश सुरू असल्याची पाटी.

भंतेजींनी फोन लांब धरून बघितला. मग जवळ धरून बघितला.

“ही कोण?”

“उत्पला गजभिये. नववीतली. तुमच्याच गावची पोरगी.”

“उत्पलाला ओळखतो मी. रोज शाळेत जाताना थांबते. तिचं ‘वंदामि भंते’ पुरं होईस्तोवर माझं अर्धं अंगण झाडून होते.”

“हो, तीच.”

“म्हणून तर माझं अंगण साफ असते.”

“तीच, भंतेजी.”

“मग ही कोण?”

...

शीलवंतने फोन परत घेतला. कुठून सुरुवात करावी याचा त्याने जरा विचार केला. मग त्याने सरळ शेवटापासून सुरुवात केली.

“उत्पला बोलेचना झाली.”

भंतेजींनी झाडू भिंतीला टेकवला. आठवडाभर ती इकडून गेली नव्हती.

“म्हणजे?”

“म्हणजे तोंडच उघडत नाही. शाळेत येत नाही. घरात बोलत नाही. आईशीसुद्धा नाही. आत्ता तिच्या घरूनच आलो. तिच्या आईनं दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, भाऊ, पोरगी मुकी केली तुझ्या कौतुकानं.”

“हं.”

“कौतुकानं, भंतेजी. ऐकलं का तुम्ही? कौतुकानं कोणी मुकं होतं का?”

भंतेजी चहा बघायला आत गेले. शीलवंत दाराकडे तोंड करून बोलत राहिला.

“ती अडते हे मला माहीत होतं. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथेच मांडी घालून बसतो. शाळेत भाषणं होती, ती उभी राहिली, मी शूट केलं. मूळ भाषण लांबच्या लांब. एका वाक्याला दोन मुक्काम. कोण बघणार ते? मधल्या शांतता काढल्या आणि चाळीस सेकंदांत बसवलं. तिची चेष्टा केली असती तर गोष्ट वेगळी. मी तर तिला सरळ केलं. लाखो लोकांनी बघितलं. एक माणूस हसला नाही. कमेंट वाचा. ‘अभिमान आहे बेटा.’ ‘काय आत्मविश्वास.’ सातासमुद्रापलीकडून एकानं लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. कमेंट खोटं बोलत नाहीत, भंतेजी.”

भंतेजी दोन कप घेऊन बाहेर आले. कप खाली ठेवून त्यांनी चीवराच्या आतून आपला फोन काढला.

“माझंबी खातं आहे. तूच उघडून दिलं होतं.”

“हो. किती वर्षं झाली. टाकता का काही?”

भंतेजींनी दाखवलं. खात्यावर एकच फोटो होता. तपकिरी, धुरकट, गोलसर.

“हे काय आहे?”

“अंगठा. चुकून निघाला.”

फोटोखाली लोकांनी ‘साधु, साधु, साधु’ लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी. एका ताईंनी लिहिलं होतं की, आज सकाळपासून मन अस्वस्थ होतं, हे दर्शन झालं आणि शांत वाटलं.

“काढून टाका ना हा.”

“काहून? लोक वंदन करून राहिले.”

शीलवंतला हसू आलं. ते त्याने चहाबरोबर गिळलं. हसायला तो आलाच नव्हता.

“भंतेजी, माझी अडचण समजून घ्या. येत्या रविवारी प्रवेशोत्सव आहे. शहरभर बॅनर लागलेत. उत्पलाचा फोटो, आणि खाली तिचंच वाक्य, ‘इथे मला बोलता येतं.’ हजारभर पालक येणार. ती स्टेजवर येऊन तेच भाषण करणार, असं आम्ही जाहीर करून बसलोय. आणि ती घरात बसलीय तोंड मिटून. काल सचिव साहेब म्हणाले, रविवारी ती आली नाही, तर सोमवारी तुम्हीही येऊ नका.”

“मग माझ्याकडे काहून आला?”

“तुमचं ऐकते ती. तुम्ही एकदा तिच्या घरी चला. नुसतं म्हणा, बेटा, जा.”

“आणि बोलता नाही आलं तर?”

“त्याचा विचार केलाय मी.” शीलवंत पुढे सरकला. या भागाचा त्याला जरा अभिमान होता. “तिला बोलायची गरजच नाही. मागून हेच रेकॉर्डिंग लावायचं. तिनं माईकसमोर उभं राहून नुसते ओठ हलवायचे. चाळीस सेकंद. कोणाला कळणारसुद्धा नाही.”

भंतेजींनी कप खाली ठेवला. शीलवंतकडे बघितलं. आणि ओठ हलवू लागले.

आवाज नव्हता. ओठ नीट हलत होते. मध्येच भुवया वर जात होत्या, मध्येच हात पुढे येत होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय.

शीलवंतने कान पुढे केला.

“काय म्हणालात?”

ओठ हलतच होते.

“भंतेजी, ऐकू येत नाहीये.”

भंतेजी थांबले.

“मागून आवाज लाव ना.”

...

अंगणात वाऱ्यानं पुन्हा पानं आणून टाकली होती. भंतेजी पानांकडे बघत राहिले. शीलवंत फोनकडे बघत राहिला. फोनवर साहेबांचं नाव चमकत होतं. त्याने फोन उलटा ठेवला.

“तिची आई अजून काय म्हणाली?” भंतेजींनी विचारलं.

“मला नाही समजलं ते.”

“म्हणाली काय, ते सांग.”

“म्हणाली, व्हिडिओ आल्यावर तिची मावशी घरी आली. म्हणाली, मोबाईलमध्ये तर एवढी फाडफाड बोलते, मग आमच्यासमोर काहून अडते? एसटीचा कंडक्टर म्हणाला, तूच ना ती? मग तिकीट मागायला इतका वेळ? नाटक करते का? शाळेत नव्या बाईंनी फळ्यासमोर उभं केलं, म्हणाल्या, बोल ना, त्या व्हिडिओत बोलली तशी बोल.”

“मग?”

“मग त्या दिवसापासून बंद.” शीलवंतचा आवाज जरा खाली आला. “पण यात माझं काय? मावशीनं समजून घ्यायला पाहिजे. कंडक्टरनं घ्यायला पाहिजे.”

“हं.”

“मी तिचं वाईट नाही केलं हो.”

“नाही केलं.”

भंतेजींनी ‘नाही’ म्हटलं, तेव्हा शीलवंतला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

भंतेजींनी सहज विचारलं, रुमाल कुठे ठेवलास असं विचारावं तसं.

“कापलेलं कुठे ठेवलंस?”

“काय?”

“तू कापलंस ना. शांतता. त्या कुठे आहेत?”

“कुठे म्हणजे? त्या... काढल्या. नुसती शांतता ती. त्यात काही नसतं.”

“ऐकलीस तू?”

“मी कशाला ऐकू? ॲप करतं ते. एक बटण असतं. दाबलं की जिथे जिथे बोलणं नाही तेवढं आपोआप जातं.”

“म्हणजे तू ऐकली नाही.”

“नाही.”

“ॲपनं ऐकली.”

शीलवंतने फोनची काच शर्टाला पुसली. 

“मूळ भाषण आहे का, का तेबी गेलं?”

“आहे ना.”

“लाव.”

शीलवंतने मूळ व्हिडिओ लावला. तीच मुलगी, त्याच वेण्या, तोच माईक. बासरी मात्र नव्हती. मुलगी म्हणाली, “अध्यक्ष महोदय, गुरुजन...”

“हे नको,” भंतेजी म्हणाले.

“काय नको?”

“बोलणं नको. बोलणं आलं का पुढे ढकल. मधलं लाव फक्त.”

“भंतेजी, असं कोणी बघत नाही.”

“आपण बघू.”

मग त्या दुपारी, विहाराच्या ओसरीवर, संस्थेचा जनसंपर्क अधिकारी एका भाषणातलं सगळं बोलणं पुढे ढकलून फक्त न बोललेलं वाजवू लागला. मुलीचे ओठ हलले की तो बोट सरकवायचा. ओठ थांबले की बोट थांबायचं.

पहिली शांतता. पंख्याचा आवाज. कुणीतरी खाकरलं.

दुसरी शांतता. मुलीचे डोळे मिटलेले. जबडा ताठ. पंखा.

“बघा, काही नाही यात,” शीलवंत म्हणाला.

“पुढे.”

तिसरी शांतता लांब होती. मुलीनं तोंड उघडलं, शब्द आला नाही. पंखा फिरत होता... आणि मग कुठूनतरी आवाज आला.

थप.

शीलवंतने बोट उचललं.

थप. लाकडावर तळहात ठेवल्यासारखा. वाजवल्यासारखा नाही, ठेवल्यासारखा. मागोमाग एका मुलीचा आवाज, अगदी हळू, माईकपासून लांबून आलेला.

“आहोत.”

मग आणखी एक थप. मग दोन-तीन. मग पूर्ण वर्ग. एकामागे एक बाकावर तळहात ठेवले जात होते, पाखरं उतरावीत तसे. कुणी घाई करत नव्हतं. कुणी शब्द सांगत नव्हतं. त्या पहिल्या आवाजानं पुन्हा म्हटलं, “आहोत, उत्पला.”

व्हिडिओत उत्पलाचा जबडा सैल झाला. तिनं डोळे उघडले आणि बोलली.

शीलवंत पुढे ढकलायला विसरला.

“मला माझी शाळा आवडते,” उत्पला म्हणाली, “कारण इथे मला...”

ती थांबली.

थप. थप. थप, थप...

“...बोलता येतं.”

...

व्हिडिओ संपून फोन काळा झाला. काळ्या काचेत शीलवंतचा चेहरा दिसत होता. त्याने फोन पालथा घातला.

मग तो म्हणाला, “तो पहिला आवाज तनुजाचा आहे. तिच्या बाजूला बसते. ॲपला वाटलं, खडखड आहे.”

“तुला काय वाटलं?”

“मी ऐकलंच नव्हतं ना, भंतेजी. कॅमेरा लावून बाहेर फोनवर होतो.”

भंतेजींनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

“तूबी अडायचास.”

“मी?”

“धम्मवर्गात. ‘पाणातिपाता’वर. पहिल्याच शीलावर. एवढासा होतास. ‘पाणा’पर्यंत यायचास आणि उभाच. आख्खा वर्ग तिथंच बसून राहायचा. एकदा स्वयंपाकघरात खीर लागली.”

“मला नाही आठवत.”

“खीर खाल्ली ना आम्ही. आमाले आठवते.”

शीलवंत हसला. हसता हसता त्याला मान खाली घालावी लागली. भंतेजींनी दुसरीकडे बघितलं. दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती भिंत होती. ते भिंतीकडे बघत राहिले.

मग शीलवंत ताठ बसला. त्याला कल्पना सुचली होती. कल्पना सुचली की तो ताठ बसतो.

“भंतेजी, हाच टाकतो. पूर्ण. जसा आहे तसा. थप्पांसकट. लोक रडतील बघा. आधीच्यापेक्षा दुप्पट चालेल.”

भंतेजींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

...

“...तिला विचारून,” शीलवंत म्हणाला.

“हं.”

“पण ती बोलत नाही.”

भंतेजींनी झाडू घेतला. “मग थांबावं लागेल.”

“किती?”

भंतेजी झाडायला लागले होते. शीलवंतने थोडा वेळ वाट बघितली. मग त्याने उत्पलाच्या आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून तो फरशीवर ठेवला.

“आता काय आहे, भाऊ?” आईचा आवाज आला.

“काकू, मी विहारातून बोलतोय. भंतेजी बाजूलाच आहेत. उत्पला आहे का?”

“ते बोलत नाही. सांगतलं ना तुले.”

“नका बोलायला लावू. फोन फक्त तिच्याजवळ ठेवा.”

तिकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं. मग फोन कुठेतरी टेकवल्याचा.

शीलवंतने घसा साफ केला.

“उत्पला बेटा, नमस्कार. मी शीलवंत सर. सर्वप्रथम, घडलेल्या प्रकाराबद्दल संस्थेच्या वतीनं आणि व्यक्तिशः मी मनापासून दिलगिरी...”

भंतेजींनी हात वर केला.

शीलवंत थांबला.

फोनमधून काहीच आलं नाही. नुसतं घर ऐकू येत होतं. कोंबडी, लांबचा ट्रॅक्टर. शीलवंतने वाकून बघितलं, फोन लागलेला आहे ना. लागलेला होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. गप्प बसणं त्याला नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं, आणि ज्यांनी लहानपणी शिकवलं होतं ते समोर झाडू घेऊन उभे होते.

आणखी थोडा वेळ गेला.

मग त्याने उजवा हात फोनच्या बाजूला फरशीवर ठेवला.

थप.

काही नाही.

त्याने हात तसाच राहू दिला. फरशी दुपारची तापलेली होती. त्याच्याकडे आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक शब्द होता. तो त्याचा नव्हता, पण दुसरा सापडेना.

“आहे,” तो हळू म्हणाला. “मी आहे.”

कोंबडी. ट्रॅक्टर. साहेबांचा फोन मध्येच टुक टुक करू लागला, आणि दमून थांबला.

थप.

तिकडून.

शीलवंतने भंतेजींकडे बघितलं. भंतेजी पानं गोळा करत होते.

“सर,” फोनमधून आवाज आला. बारीक, वापरात नसलेला. “त्यात... ... तनुजा... नाही.”

“नाही,” शीलवंत म्हणाला. “मी काढली तिला. माझ्याकडून... निघाली.”

“त्यात... कोणीच... ... नाही.”

“हो.”

“मी... ... एकटीच.”

यावर शीलवंतला खूप काही बोलता आलं असतं. तो बोलला नाही.

मागे आई काहीतरी म्हणायला लागली आणि मध्येच गप्प झाली. ती रडत असावी, किंवा हसत. फोनवर कळत नाही.

“उत्पला,” शीलवंत म्हणाला. तो पहिल्यांदाच थांबत थांबत बोलत होता. “तो व्हिडिओ... मी उतरवतो. आजच. आणि रविवारचं... तू नाही म्हटलंस तरी चालेल. बॅनर मी उतरवतो. साहेबांना मी सांगतो, ते माझं काम. तू फक्त... तुला काय पाहिजे ते सांग. आणि समजा यावंसं वाटलं... तर तनुजा, सगळा वर्ग... बाकसुद्धा. बाक मी टेंपोत घालून आणतो. किती वेळ लागायचा तेवढा लागू दे.”

...

...

“रविवारी...” उत्पला म्हणाली.

“हं.”

“मी... ... ये...”

शब्द ओठाशी येऊन बसला.

पंखा नव्हता. कोंबडी होती. शीलवंतचा तळहात फरशीवर होता. त्याच्या कपातल्या चहावर साय धरली होती. भंतेजी अंगण एका टोकापर्यंत झाडून पुन्हा पहिल्या टोकाकडे निघाले होते.

शीलवंतने डाव्या हातानं फोन झाकला आणि तो कुजबुजला, “भंतेजी, येते म्हणतेय का येणार नाही म्हणतेय?”

भंतेजी झाडायचे थांबले.

...

“फरशीवरचा हात उचलू नको.”